रस्स्यात टिकणारी शेव

नरडाण्याच्या निंबाभाऊंची शेव जाडजूड, लालभडक आणि उकळत्या रस्स्यातही अंग न सोडणारी. शेवभाजीला अशीच लागते. पहिला घाणा निघाला की त्यांची बायको मंदाबाई गरम पाण्याचा पेला पुढे करायची आणि निंबाभाऊ त्यात एक तुकडा सोडायचे. पाणी निवेपर्यंत तो अख्खा राहिला, तरच पुढचा घाणा. काय थाट होता त्या घटकेचा! पडदा वर जाण्याआधी सारं नाट्यगृह श्वास धरतं ना, तसं ते घर पेल्याकडे बघायचं.

मग किराणावाल्या प्रेमराजच्या दुकानात एका बड्या कंपनीनं लोखंडी स्टँड फुकट दिला. पुदिना, टोमॅटो, चीज, लिंबू. चवीचवीच्या शेवेच्या रंगीत पुड्यांच्या नुसत्या माळा.

"निंबाभाऊ, तुमचा एकच नग. जागा रिकामी दिसली की कंपनीचा माणूस भरून टाकतो," प्रेमराज म्हणाला. "चार चवी आणा, मी टांगतो."

निंबाभाऊंनी आणल्या. कंपनीनं आणखी काढल्या. निंबाभाऊ लसूण शेवेला पोचेपर्यंत कंपनी शेजवानवर. इथे कढई एक, माणसं दोन. खाऊची शेव खुसखुशीत हवी, म्हणून पिठात सोडा पडू लागला. वेळ पुरेना, म्हणून ढाब्यांना जाणाऱ्या जाड शेवेचं पीठही त्याच परातीत भिजू लागलं. पेला फडताळात गेला.

जुन्या गिऱ्हाइकांपैकी ढाबेवाला गिरधर तेवढा उरला होता. भट्टी पेटायची ती त्याच्याच मागणीवर. त्यानं बोलावलं, तसे निंबाभाऊ हमरस्त्यावरच्या त्याच्या ढाब्यावर गेले.

"भो, तुनी शेव रस्साम्हा इरघळी गई," गिरधर हसत म्हणाला. "गिऱ्हाईक इचारस, हाई शेवभाजी शे का पिठलं?"

निंबाभाऊ हसले नाहीत. गल्ल्यामागे त्याच कंपनीच्या पिशव्या रचल्या होत्या. वर छापलेलं: खास शेवभाजीसाठी. कंपनीचा आणखी एक प्रकार.

गिरधरनं नजर वळवली. "चहा ले, भो."

त्यांनी घेतला. गरम होता की गार, कळलं नाही.

घरी येऊन त्यांनी सोड्याशिवाय पीठ मळलं, एक घाणा काढला. मंदाबाईनं पेला पुसून पुढे केला. तुकडा पाण्यात पडला. दोघं बघत बसली. पाणी निवलं. तुकडा अख्खाच.

"टिकनी," ती म्हणाली.

"हां."

"मंग? दुसरा घाना टाकू?"

निंबाभाऊंनी पेला रिकामा केला आणि परत फडताळात ठेवला. वाकून तिनं भट्टीतली लाकडं मागे ओढली.