दुकानाच्या पाटीवरचं क्रियापद

दुकानात दोन गोष्टी न मागवता साठत जातात. एक, जुन्या वायरी. दुसरे, किस्से. वायरी मी दर दिवाळीला भंगारात घालतो. किस्से घेणारा भंगारवाला अजून भेटला नाही, म्हणून तुमच्यापुढं ओततो!

गेवराईत बाजारपेठेच्या तोंडाशी माझं दुकान आहे. फोटो, फ्रेम, अल्बम आणि लग्नाचं व्हिडिओ शूटिंग. माझं शिक्षण सातवी. बाकीचं सगळं मशीन उघडून आणि गिऱ्हाईक बोलतं करून शिकलो. दुकानात दोन माणसं कायमची. एक साळवे सर, कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले; घरी पेपर येतो तरी वाचायला माझ्याकडंच येतात. दुसरा दत्ता, आमचा शूटिंगवाला.

एक दिवस सर रस्त्यावरूनच ओरडले, "शेठ, तुमच्या पाटीवर लॅटिन लिहिलंय!"

मी दचकलो. पेंटर गावातलाच, त्यात पैशावरून त्याचं-माझं जरा वाजलेलं. म्हटलं, "वंगाळ काही न्हाई ना सर?"

"नाही हो. 'व्हिडिओ' हे लॅटिन क्रियापद आहे. खरा उच्चार विदेओ. अर्थ, मी बघतो."

"एवढ्याशा शब्दात 'मी' बी बसला?"

"शेपटीला बसलाय. शेवटचा 'ओ' म्हणजे मी. आपण नाही का, नुसतं 'बघतो' म्हणलं की त्यात मी आलाच?"

"आन् ही भाषा बोलतं कोण?"

"आता कुणीच नाही. मेलेली भाषा आहे."

"मेली कशी? तिच्यावर माझं सबंध घर चालतंय!"

*

तेव्हापासून आम्हाला त्या शब्दाचा नादच लागला. कारण आमच्या भागात 'बघतो'इतका निसरडा शब्द नाही. गिऱ्हाईक भाव ऐकून "बघतो" म्हणालं, की ते परत येत नाही. भांडणात "बघतो तुला" म्हणालं, की मात्र हमखास परत येतं! डॉक्टर "बघतो" म्हणाले की धीर येतो, पुढारी म्हणाले की होता तोही जातो.

सर म्हणाले, लॅटिनवाल्यांचंही तेच. डोळ्यानं बघणं, समजून घेणं, एखाद्याची काळजी वाहणं, सगळं ह्या एकाच क्रियापदात.

ह्या शब्दानं सगळ्यात जास्त छळलं ते आमच्या दत्ताला. दत्ता तलवाड्याकडचा. घरात मेंढरं. लहानपण त्यांच्यामागं गेलेलं, म्हणून नजर अशी तयार की भरल्या मांडवात कुणाची आत्या रुसून कोणत्या खांबामागं बसलीय ते नवरीच्या आईच्या आधी ह्याला दिसतं. तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या ह्याच्या कॅमेऱ्यातून सासरी गेल्या. पण ह्याचं स्वतःचं जमेना. तिशी उलटली. स्वभाव चांगला, हातात कला, कसलं व्यसन नाही. अडचण एकच, नोकरी नाही! जिथं जावं तिथं पोहे खाऊ घालायचे, आणि निघताना मुलीचा बाप म्हणायचा, "बघतो, कळवतो."

असाच एकदा हात हलवत परत आला. मी विचारलं, "काय म्हणाले रे पाव्हणे?"

कॅमेऱ्याची बॅग काउंटरवर ठेवत दत्ता म्हणाला, "काय म्हणत्यात? लॅटिन बोलले!"

*

मी धंद्यात आलो तेव्हा व्हिडिओ म्हणजे शूटिंग नव्हतंच. टीव्ही आणि कॅसेट लावायची पेटी भाड्यानं नेणं, ह्याला 'व्हिडिओ आणणं' म्हणायचे. म्हातारी माणसं तर 'इडू' म्हणायची.

एका वस्तीवर असाच दुपारी इडू लावला. शाळेची खोली, खिडक्यांना पोती. देवाधर्माचा सिनेमा ठरलेला. कॅसेट घातली तर आत सिनेमा नाहीच; माजलगावकडच्या कुणाच्या तरी लग्नाची शूटिंग! कव्हर देवाचं, आत वऱ्हाड!

मी घाईनं बंद करायला गेलो, तशी पुढं बसलेली एक आजी कडाडली, "हात लावू नको! मंगलाष्टका चालू हायेत. अक्षता पडू दे आधी."

मग काय, अख्ख्या वस्तीनं ते अनोळखी लग्न शेवटपर्यंत बघितलं. "जावई सावळा हाय, पण बरा दिसतोय." "सासू खट हाय गं, तोंडावरूनच कळतंय." पोरगी सासरी निघाली तेव्हा खोलीत रडणं सुरू झालं. शेजारच्या शेतातला गडी पळत आला, काय झालं म्हणून!

पुढं मी कधीही त्या वस्तीवर गेलो की आजी गाठायची. "बाबा, त्या पोरीचं सासर बरं हाय का रे?" आता मला काय ठाऊक? पण म्हातारीच्या जिवाला घोर नको म्हणून मी म्हणायचो, "लई बरं हाय, आजी." एका सालाला तिनं फारच खोदून विचारलं, तेव्हा बोलून गेलो, "मुलगा झालाय तिला."

पुढच्या बाजाराला आजी दुकानाच्या पायरीवर हजर! पदराखालून हातानं शिवलेलं झबलं काढलं आणि म्हणाली, "तेवढं तिला धाडून दे."

*

एका बारशाची शूटिंग दत्तानं केली. बाळाचा बाप व्हिडिओ बघून तणतणत दुकानात. "शेठ, ह्यात पाळणा हाय, बायका हायेत, पेढे हायेत. माझं लेकरू कुठाय?"

खरंच नव्हतं. दत्तानं कॅमेरा उचलला की आजी बाळाच्या तोंडावर पदर टाकायची. नजर लागू नये म्हणून! सबंध व्हिडिओभर लेकराची ओळख पटण्यासारखी एकच खूण, डाव्या पायाचा अंगठा.

सरांना हुरूप आला. म्हणाले, "लॅटिन लोकांनाही नजरेची भीती होती बरं का. व्हिडिओच्या आधी 'इन' लावला की शब्द होतो 'इनव्हिडिओ'. म्हणजे वाकड्या नजरेनं बघणं, जळणं."

आता आमच्याकडं विहिणीला 'ईन' म्हणतात. दत्ता ट्रायपॉड पुसता पुसता म्हणाला, "आमच्यात बी तसंच हाय सर! व्हिडिओत ईन घुसली, की नजर लागलीच समजा!"

*

नवरीचे मामा लोक फार मानी. त्यांच्यापैकी एक मामा लग्न होऊन महिना झाल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन आले. काउंटरवर आपटला.

"मी लग्नात होतो का न्हवतो?"

म्हटलं, "होता की मामा."

"मग मी ह्यात दिसत का न्हाई? हळदीत न्हाई, अक्षतांत न्हाई. पाव्हणे विचारतेत, मामा कावून आला न्हवता?"

दत्तानं कंप्युटर लावला, पुढं सरकवलं, एका जागी थांबवलं. जेवणाची पहिली पंगत. मामा जिलेबी खाताना. अजून पुढं सरकवलं. दुसरी पंगत, मामा भात कालवताना. तिसऱ्या पंगतीला हात घालणार, तेवढ्यात मामांनी त्याचा हात धरला.

"राहू दे, राहू दे. माणूस न्हाई दिसला तरी चालतंय!"

*

दत्ताचं आणखी एक स्थळ हातचं गेलं, ते त्याच्या स्वतःच्या तोंडानं.

शूटिंगवाल्याला नवरीशी दिवसभर बोलावं लागतं आणि बोलणं अदबीचं पाहिजे. म्हणून आम्ही सगळे नवरीला 'ताई' म्हणतो. ताई, मान वर. ताई, मेंदी दाखवा. दत्ताच्या जिभेला ते इतकं बसलेलं की झोपेतही निघेल.

मुलगी बघायला गेलो. घर चांगलं, माणसं मोकळी, मुलगी तर दत्ताला आत येतानाच आवडली. पण ती लाजून खाली बघत बसलेली. तिच्या मावशीनं कौतुकानं दत्ताला कोपरखळी मारली, "काय विचारायचं ते विचारा की, पाव्हणं."

दत्ताच्या कपाळाला घाम. एकदम सावरून बसला आणि म्हणाला,

"ताई, जरा इकडं बघा!"

पोहेसुद्धा पूर्ण खाऊ दिले नाहीत.

*

एवढं झाल्यावर दत्तानं जाहीर केलं, "आता एकच ठिकाण. न्हाई जमलं तर मेंढरं बरी. ती निदान 'कळवतो' तरी म्हणत न्हाईत." हसत म्हणाला, पण त्या दिवशी त्यानं जेवणाचा डबा तसाच घरी नेला. आम्हा दोघांनाही ते दिसलं.

हे शेवटचं स्थळ उमापूरच्या पुढं एका लहानशा गावातलं. मुलगी ज्योती, बारावी झालेली, घरीच शिवणकाम करणारी. मध्यस्थानं सगळं फोनवर ठरवलेलं. दत्ताच्या वडिलांना मेंढरं सोडून येता येईना, म्हणून वडीलकीला मी आणि सर.

गेलो तर बडदास्तच वेगळी! खुर्च्यांवर नवे टॉवेल. पोह्यांच्या आधी थंड बाटल्या. मुलीचे वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणायचे, हात जोडून पुढं. "साहेब, हितं बसा, पंख्याखाली."

साहेब कोण म्हणून दत्तानं मागं वळून बघितलं. मागं सर होते. सरांना वाटलं, आपल्यालाच! ते जाऊन पंख्याखाली बसले.

थोड्या वेळानं मुलीचे चुलते दत्ताजवळ सरकले. "साहेब, चहा होईस्तोवर आमच्या घरकुलाचं तेवढं बघा की. जोतं बांधून बसलोय. बघायला कुणी येईना, पुढचं काम अडलंय."

"बघतो की. त्यात काय? चला," म्हणून दत्ता उठला.

बाहेर ऊन भाजत होतं. दत्तानं मोबाइल काढला आणि जोत्याच्या चारी कोपऱ्यांवर जाऊन झकास व्हिडिओ घेतला. चुलत्यांना मधोमध उभं केलं. "काका, टोपी नीट करा. हां, आता हसा!" चुलत्यांच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

"साहेब, हे वर जातंय ना?"

"वर, खाली, तुमी म्हणाल तिकडं धाडतो!"

परत आल्यावर आप्पा माझ्या कानाशी लागले. "लई साधे हायेत हो. व्हीडीओ असून मोटारसायकलीवर फिरतेत!"

तेव्हा मला उलगडा झाला! ग्रामविकास अधिकाऱ्याला आमच्याकडं गावोगाव इंग्रजी तीन अक्षरांनी 'व्हीडीओ साहेब' म्हणतात. मध्यस्थानं फोनवर सांगितलेलं, "पोरगा व्हिडिओ हाय." इकडं ह्यांनी ऐकलं, सरकारी नोकरी!

मी सरांकडं बघितलं. सर चहात बघायला लागले. आतून बायकांची कुजबुज स्पष्ट ऐकू येत होती, "पसंत हाय, पसंत हाय." इतक्या ठिकाणी हिंडलो, हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडलेला. माझ्यातला व्यापारी म्हणाला, गप बस. माल पसंत पडलाय, पाटी कशाला वाचून दाखवतोस?

पण आप्पांचं बोलणं दत्तानंही ऐकलं होतं. त्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि उभा राहिला.

"आप्पा, मी त्यो व्हीडीओ न्हाई. मी लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगा करतो. सरकारी काईच न्हाई."

मग चुलते हळूच म्हणाले, "मग आमचं घरकुल कावून बघितलं?"

"तुमी बघा म्हणलात म्हणून."

आप्पांची मान खाली. दत्तानं हेल्मेट उचललं. "चला सर. येतो आप्पा," म्हणाला.

इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली ज्योती तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"आप्पा, जे खरं साहेब हायेत ते अजून आले न्हाईत. काका त्यांच्याकडं चकरा मारून दमला. ह्यांना नुसतं बघा म्हणलं, तर उन्हात चारी कोपरे फिरून आले." थोडं थांबून म्हणाली, "मला दुसरं बघायचं न्हाई."

आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. दत्ता हेल्मेट हातात धरून तसाच दारात. शेवटी आप्पा माझ्याकडं वळले आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाले,

"शेठ, नवरदेवच शूटिंगवाला म्हणल्यावर, लग्नात शूटिंग कोण करायचं?"