माझ्या लेकीला पित्त कमी पडतं

"तुमच्या बाळाच्या लिव्हरमध्ये एक एन्झाइम काम करत नाही," पुण्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. एन्झाइम म्हणजे शरीरात एका पदार्थाचा दुसरा पदार्थ घडवणारं प्रथिन. मी मान हलवली, पण मला काही कळलं नव्हतं.

ईश्वरीची जन्मानंतरची कावीळ उतरलीच नाही. आमच्या लोणी गावात सगळे म्हणाले, कोवळ्या उन्हात धरा. रोज धरलं. मग तिची शी पांढुरकी व्हायला लागली. मंचरच्या डॉक्टरांनी ती पाहिली आणि आम्हाला लगेच पुण्याला पाठवलं.

तिथे आधी बिलिअरी अट्रेशियाचा, म्हणजे पित्ताची नळी बंद असल्याचा संशय होता. ऑपरेशनची भाषा सुरू झाली. मग नळी ठीक निघाली. लिव्हर आजारी पडलं की रक्तात बाईल ॲसिड, म्हणजे पित्ताम्लं वाढतात. हिची उलट कमी होती. हे चांगलं की वाईट, तेही मला समजेना. लघवीचा नमुना खास तपासणीसाठी बाहेरच्या लॅबला पाठवला आणि आम्ही रिपोर्टची वाट बघत राहिलो.

रिपोर्ट आला, मॅडमनी ते एन्झाइमचं सांगितलं आणि औषध ठरलं. पित्ताम्लाचंच.

बाहेर बसलेल्या सासूबाई ऐकून भडकल्या. "पित्त वाढलं की माणूस आजारी पडतंय. हिला आनखी पित्त पाजायचं? मी न्हाई पाजू द्यायची!"

मला त्यांचं खरं वाटत होतं आणि मॅडमचंही. शेवटी धीर करून मी परत आत गेले. "मॅडम, मला कळलं नाही. पित्तावर पित्तच कसं द्यायचं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही म्हणता ते पित्त म्हणजे पोटातली ॲसिडिटी. हे वेगळं. लिव्हर कोलेस्टेरॉलमध्ये टप्प्याटप्प्याने बदल करून पित्ताम्ल बनवतं. हिच्यात मधला एक टप्पा अडतो. अर्धवट माल साचतो आणि लिव्हरला इजा करतो. तयार पित्ताम्ल बाहेरून मिळालं, की लिव्हर तो अर्धवट माल बनवणं कमी करतं."

"किती दिवस द्यायचं?"

"कायम. पण लवकर आलात, लिव्हर सावरेल."

निम्मंच समजलं, तरी बाहेर येऊन मी सासूबाईंसमोरच पहिला डोस पाजला. त्या तोंड फिरवून बसल्या.

हळूहळू डोळ्यांतला पिवळेपणा गेला. ईश्वरी बाळसं धरू लागली.

कुणाच्या बाळाची कावीळ रेंगाळली, शी पांढरी दिसली, तर उन्हावर विसंबू नका. लगेच दाखवा. आणि कळलं नाही तर पुन्हा विचारा.

आता ईश्वरी अंगणभर पळते. सकाळचं औषध सासूबाईच पाजतात. परवा शेजारणीनं विचारलं, कसलं औषध?

"पित्ताचं," त्या म्हणाल्या. "आमच्या पोरीला कमी पडतंय."