टाकलीय म्हणालो ती ओळ

बायकोला माझं सगळं माहीत आहे. रक्तदाब, भावाशी झालेलं भांडण, सकाळी चोरून खाल्लेला लोचो, सगळं. हे मात्र तिलाही माहीत नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. दुसरं काही कारण नाही.

मी कंपनीच्या नेटवर्कचं काम बघतो. मुख्य ऑफिस कतारगामला, प्लांट हजीऱ्याला, मध्ये एक भाड्याची लाइन. प्लांटमध्ये बारीक बारीक नेटवर्क बरीच — गेट, वजनकाटा, गोदाम, कॅन्टीन. प्रत्येकाचा वेगळा रस्ता कतारगामच्या राउटरला कोण सांगत बसणार? म्हणून मी सगळ्यांचा मिळून एकच रस्ता केला, समरी म्हणतात त्याला. पत्त्याच्या या आकड्यांतलं काहीही आलं की डोळे झाकून हजीऱ्याला पाठव, एवढंच.

आता गंमत बघा. हजीऱ्याच्या राउटरला उलटा हुकूम होता, जे ओळखीचं नाही ते कतारगामला पाठव. मग त्या आकड्यांतलं एखादं नेटवर्क बंद पडलं तर? कतारगाम म्हणणार हजीरा, हजीरा म्हणणार कतारगाम. सरकारी कचेरीत या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात ना, तसं. ते होऊ नये म्हणून हजीऱ्याच्या राउटरवर एक ओळ लिहायची असते: या आकड्यांतलं जे सापडणार नाही, ते इथेच टाकून दे, परत पाठवू नको. एक ओळ. काही मशिनं ती आपोआप घेतात. आमचं घेत नव्हतं.

सुवर्णानं मला विचारलं होतं. सुवर्णा म्हणजे आमच्याकडे नवीन लागलेली मुलगी, अमळनेरकडची. बाप इथे लूमवर होता. ऑफिसात सगळे तिला सुवर्णाबेन म्हणायचे, ती मला भाऊ म्हणायची, आणि आम्ही दोघंच असलो की अहिराणी सुटायची. अजून ती कायम झाली नव्हती. तर ती म्हणाली, भाऊ, हजीऱ्याला टाकून द्यायची ओळ लिहिली ना?

माझं डोकं फिरलं. काल आलेली पोरगी मला विचारते? मी स्क्रीनवरून मानही वळवली नाही. "टाकलीय," म्हणालो.

टाकली नव्हती. टाकायचं डोक्यातच नव्हतं — हे निदान कबूल करण्यासारखं होतं. पण ती गेल्यावर तरी टाकावी की नाही? तेही नाही. म्हटलं, बघू नंतर. कसला माज होता हो तो? कुणाच्या जिवावर?

पुढे जुनं गोदाम बंद झालं. त्याचं नेटवर्क काढ, असं मीच सुवर्णाला सांगितलं, आणि तिनं ते व्यवस्थित काढलं. अगदी व्यवस्थित. पण कतारगामचा स्टॉकचा प्रोग्राम गोदामाच्या मशिनांना हाका मारतच राहिला, आणि त्या हाका दोन राउटरांमध्ये गरगर फिरत राहिल्या. लाइन तुंबली. वजनकाटा बंद. गेटबाहेर ट्रकांची रांग, ड्रायव्हर शिव्या घालतायत, आणि साहेब आमच्या खोलीत: "कोणे हाथ लगाड्यो?"

सगळ्यांनी सुवर्णाकडे पाहिलं. मीही पाहिलं — हे सांगायला जड जातंय, पण पाहिलं. साहेबांनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

ती गेल्यावर मी ट्रेस लावला, हाक कुठून कुठे जाते ते बघायला. कतारगाम, हजीरा, कतारगाम, हजीरा... पडद्यावर तेच दोन पत्ते उड्या मारत होते. तेव्हाच कळलं. खोटं कशाला बोलू, तत्क्षणी कळलं. मी गुपचूप हजीऱ्याच्या राउटरवर ती ओळ लिहिली. लाइन मोकळी झाली, काटा सुरू झाला, ट्रक हलले. साहेबांनी पाठीवर थाप मारली. काय झालं होतं, म्हणाले. आणि मी काय सांगितलं? "सुवर्णानं काढताना गडबड केली होती. मी नीट केलं."

तिला कायम केलं नाही. जाताना ती माझ्या टेबलाशी आली, बराच वेळ उभी राहिली. मी फोन कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं.

आज मी नव्या पोरांना शिकवतो. समरी लिहिण्याआधी टाकून द्यायची ओळ लिही, मग बाकीचं. पोरं तिला 'दादांची ओळ' म्हणतात. केवढा काटेकोर माणूस! ऐकलं की तोंड कडू होतं, तरी मी हसतो.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, भित्रा होता, नोकरीला घाबरला. थांबा. त्या दिवशी घाबरलो होतो हे खरं. पण मागच्या उन्हाळ्यात कामरेजला नात्यातल्या लग्नात सुवर्णा भेटली, तेव्हा कशाला घाबरलो होतो? ना साहेब होता तिथे, ना नोकरीचा प्रश्न. आता ती एका शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या फाडते. राउटरला पुन्हा कधी हात लावला नाही, म्हणाली. छाती धडधडते. पंगतीत ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच, अगदी शिकणाऱ्यानं विचारावं तसं विचारलं, "भाऊ, त्या दिवशी मन्हं काय चुकनं व्हतं?"

उत्तर तोंडात होतं. एका ओळीचं.

मी म्हणालो, "घाई झाली तुझी. एकदा परत तपासायला हवं होतंस."

तिनं मान हलवली. "मालेबी तेच वाटे," म्हणाली. इतकी वर्षं तिलाही तसंच वाटत होतं. तेवढ्यात वाढपी आला. मी आणखी एक बट्टी घेतली, वरण ओतून घेतलं, आणि पोटभर जेवलो.