अर्धं गाढव परदेशात

मास्तरांनी उभी हयात बसून काढली होती, तीही चालकाच्या शेजारच्या सीटवर. ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत. त्या गाड्यांना शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. चाक शिकणाऱ्याच्या हातात आणि दोघांचा जीव मास्तरांच्या पायात, असा तो धंदा. शेजारचा माणूस आता घाबरणार आहे, हे त्याच्या खांद्यांवरून त्यांना आधीच कळायचं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं. उरलेले निम्मे त्यांना गाढवाचे मागचे पाय म्हणून ओळखायचे.

त्याचं असं झालं. मास्तरांची बायको आणि धाकटी मेहुणी, दोघी एका हौशी नाटक मंडळाच्या कोरसमध्ये गायच्या. मंडळाने एक नवं संगीत नाटक बसवायला घेतलं होतं. एक कुंभार, त्याची एकुलती एक मुलगी आणि त्यांचं गाढव. मुलगी शिकायला शहरात निघते, सामान गाढवाच्या पाठीवर, आणि वाटेतल्या पुलावर गाढव अडून बसतं. सुरुवातीला ते गाढव प्लायवूडचं होतं, चाकांवरचं. एका तालमीत त्याचं चाक निखळलं आणि ते थेट कोरसच्या अंगावर कलंडलं. बायकांना घरी न्यायला आलेले दोघे साडू, म्हणजे मास्तर आणि चष्म्यांचं दुकान चालवणारे धाकटे साडू, मागच्या बाकावर पोट धरधरून हसत होते.

दिग्दर्शिका कडाडली, "हसताय काय? या इकडे. एक पुढे व्हा, एक मागे!"

ते जे कापडी गाढवात शिरले ते शिरलेच.

चष्मेवाले पुढे, कारण त्यांना ताल कळायचा. मास्तर मागे, कमरेत वाकून, साडूचा पट्टा दोन्ही हातांनी धरून. आत काळोख, घामाचा वास आणि समोर साडूची पाठ, एवढंच जग. बाहेर दोघांचं सगळं अदबीनं चालायचं, "साडूभाऊ, आधी तुम्ही घ्या," "छे छे, तुम्ही मोठे." पण गाढवाची चेन ओढली रे ओढली की आतून आवाज यायचा, "सरक ना मेल्या, अंगठा चेचलास माझा!" चेन उघडली की पुन्हा, "लागलं नाही ना तुम्हाला?"

पुलाच्या प्रवेशामुळे लोकांनी नाटक डोक्यावर घेतलं. मुलगी गाऊन गाऊन गाढवाची समजूत काढते. पुढचे पाय विरघळतात, पुलावर पाऊल टाकतात. मागचे पाय ढिम्म. पुढचे पाय चाललेत, मागचे हलत नाहीत, गाढव मधल्या मधे लांब लांब होत जातं आणि लोक खुर्च्यांवरून घसरतात. मग मुलगीही थकते, गाणं अर्धवट सोडते आणि गाढवाच्या मानेवर डोकं टेकते. थिएटर चिडीचूप. तेव्हा मागचे पाय आपणहून एक पाऊल पुढे टाकतात. तिथे भलेभले डोळे पुसायचे.

नाटक धो धो चाललं. मंडळ हौशीचं धंदेवाईक झालं, कोरसला मानधन सुरू झालं, आणि एक दिवस समुद्रापलीकडून एक निर्माती नाटक बघायला आली. तिकडे भाषा आपलीच, फक्त हेल जरा वेगळा. बाईंनी ओळीने तीन प्रयोग पाहिले आणि सगळ्यांना तालमीच्या हॉलमध्ये बोलावलं.

"नाटक मी तिकडे नेतेय," त्या म्हणाल्या, आणि हॉल नुसता उसळला. कोणी शिट्टी मारली, कोरसने एकमेकींना मिठ्या मारल्या. बाईंनी हात वर केला. "संगीत हेच, नेपथ्य हेच. माणसं मात्र तिकडची. नाव असलेली."

उसळलेला हॉल जागच्या जागी बसला.

मुलीचं काम करणारी नटी एका शाळेत गाणं शिकवायची. ती उठली. "ही गाणी माझ्या गळ्यावर बांधलीत."

"मान्य," निर्माती म्हणाली. "जी सिनेनटी मी घेतेय तिच्यापेक्षा तुम्ही चांगलं गाता, तेही मान्य. पण तुमच्या नावासाठी तिकडे तिकीट खिडकीवर रांग लागणार नाही. तिचं नाव जाहीर केलं की तीन महिन्यांची तिकिटं नाटक उभं राहण्याआधी संपतील."

निर्माती खोटं बोलत नव्हती. गाण्याच्या बाईंनी पिशवी उचलली. "मग रांगेलाच गाऊ द्या," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गाढवाच्या पुढच्या पायांसाठीही तिकडचा टीव्हीवरचा एक विनोदवीर ठरला होता. त्याने नुसत्या भुवया उडवल्या तरी घराघरांत हशा पिकायचा. लोक त्याला लाडाने भुवया म्हणत.

"आणि मागचे पाय?" दिग्दर्शिकेने विचारलं.

निर्माती खाकरली. "विचारलं आम्ही. बऱ्याच जणांना विचारलं. नाव असलेला कोणी मागे वाकायला तयार होत नाही. मागचे पाय इथलेच नेऊ."

मास्तर मनातल्या मनात विमानात जाऊन बसलेही. आयुष्यात त्यांनी विमान फक्त वर बघून पाहिलं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचं लक्ष साडूंकडे गेलं. चष्मेवाले आपला स्वच्छ चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते.

घरी मेहुणी तडकली. "एकाच गाढवाचे दोन तुकडे करतात म्हणजे काय!" मास्तर म्हणाले, मी नाही जात. त्यावर चष्मेवाल्यांनीच त्यांना गप्प केलं. "जा हो तुम्ही. निदान आपलं अर्धं गाढव तरी परदेश बघेल."

सगळे हसले. चष्मेवाले जरा जास्तच हसले.

परदेशातलं थिएटर पाहून मास्तर हरखून गेले. लाल मखमली खुर्च्या, तीन मजली बाल्कनी, रंगमंचाखाली वाद्यवृंदासाठी खड्डा. दारावर दुमजली पोस्टर होतं. त्यावर भुवयाचा हसरा चेहरा, आणि त्या चेहऱ्याला गाढवाचे कान. प्रेक्षक त्याचा चेहरा बघायला येणार, म्हणून नव्या गाढवाच्या गळ्याला गोल भोक पाडलं होतं. वर गाढवाचं मुंडकं, खाली गळ्यातून डोकावणारे साहेब.

माणूस उमदा होता. रोज सगळ्यांसाठी कॉफी आणायचा, मास्तरांची पाठ दुखतेय का विचारायचा. पण गाढवात शिरला की घोळ. भुवया उडवायला तो मध्येच थांबायचा आणि मास्तर मागून आदळायचे. मास्तरांनी त्याच्या पाठीला कान लावून पाहिला, खांदे चाचपून पाहिले. काही म्हणता काही कळेना. तो अख्खा माणूस चेहऱ्यात राहायला होता.

निमंत्रितांसाठी एक प्रयोग झाला. भुवयाने भुवया उडवल्या तेव्हा लोक खदखदून हसले. पण सिनेनटी गाणं सोडून गाढवाच्या मानेवर टेकली, तेव्हा तिच्या डोक्याखालून साहेबांचा चेहरा लोकांकडे बघत होता. मागच्या पायांनी पाऊल टाकलं. कोणीतरी खोकलं. बाकी काहीच झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर थिएटरवर आले तर भुवया एकटाच लाकडी पुलावर पाय सोडून बसलेला.

"मास्तर, आज मी मागे जातो. तुम्ही पुढे व्हा. एकदाच."

"अहो साहेब, कंबर धरेल तुमची."

"धरू दे."

दोघं आत शिरले, चेन लागली. चार पावलांत साहेबांनी दोनदा डोकं आपटलं, एकदा मास्तरांची टाच तुडवली, आणि पुलापाशी गाढवाचा मागचा भाग सपशेल खाली बसला. भुवया बाहेर आला तेव्हा त्याचे केस कपाळाला चिकटले होते.

"आत काहीच दिसत नाही हो!"

"नाहीच दिसत."

"मग तुम्हाला कळतं कसं, कधी निघायचं ते?"

"पुढच्याच्या पाठीवरून."

भुवयाने कपाळावरचे केस मागे सारले. "माझ्या पाठीवरून काय कळतं?"

मास्तर बुटांच्या नाड्या बघायला लागले.

"खरं सांगा. रागावणार नाही."

"हेच की तुम्हाला बाहेर यायचंय."

 भुवया असा काही हसला की वरच्या बाल्कनीत झाडू मारणारी बाई खाली वाकून बघायला लागली. "यायचंय! पहिल्या दिवसापासून यायचंय! मला वाटलं, एवढं नाव असून गाढवात शिरलं की लोक म्हणतील, बघा केवढा हा साधा माणूस!"

तो तसाच, घामेजलेला, निर्मातीच्या खोलीत गेला. मास्तर मागोमाग.

"मला गाढवातून काढा," तो म्हणाला.

निर्मातीने कपाळाला हात लावला. "तुमच्या नावावर तिकिटं गेलीत! आता नाव परत कसं घेऊ?"

"नाव राहू द्या. पुलावर तो पहारेकरी आहे ना, दोन वाक्यांचा? तो मी करतो. अख्खा चेहरा दिसेल, भोक पाडायला नको. मी गाढवाला ढकलीन, ओढीन, पाया पडेन, आणि दर वेळी हरेन. हसवायची जबाबदारी माझी. फक्त ह्यांचे पुढचे पाय बोलावून घ्या."

"शुभारंभ तोंडावर आलाय!"

"विमानं रोज उडतात," भुवया म्हणाला.

निर्माती खिडकीपाशी गेली, परत आली, तिने मास्तरांना नखशिखान्त न्याहाळलं. धंद्याची पक्की बाई. "बोलवा," ती म्हणाली. "आणि ते भोक शिवून टाका."

मास्तरांनी तिथूनच चष्म्यांच्या दुकानात फोन लावला. इतक्या भराभरा सांगितलं की त्यांचं त्यांनाच कळेना. 

"ऐकताय ना, साडूभाऊ?"

"ऐकतोय," चष्मेवाले म्हणाले. "पण एक लफडं झालंय रे."

रे! गाढवाबाहेर साडूंनी त्यांना पहिल्यांदाच अरे म्हटलं होतं. मास्तरांचे कान टवकारले.

"इथले प्रयोग थांबवायचे नव्हते, गाण्याच्या बाईही तयार होत्या. मागच्या पायांना माणूस मिळेना. शेवटी ताईंनीच, म्हणजे तुझ्या बायकोनेच, बाह्या सरसावल्या. इतकी वर्षं कोरसमध्ये उभं राहून सगळं बघितलेलं, पहिल्याच दिवशी जमलं. आणि राग मानू नकोस, पाय त्यांचे तुझ्यापेक्षा हलके आहेत. मी निघालो तर इथलं पुढचं गाढव कोण?"

मागून मेहुणीचा आवाज आला, "मी आहे की! डोळे मिटून करीन. जा तुम्ही, बॅग मी भरते!"

चष्मेवाले विमानतळावर उतरले तेव्हा मास्तर त्यांच्याकडे धावतच गेले. मिठी मारायची की नमस्कार करायचा, हे दोघांनाही ठरवता येईना. शेवटी दोन्ही अर्धं अर्धं झालं.

शुभारंभाला थिएटर तुडुंब. रांग लावून आलेली माणसं सिनेनटीला आणि भुवयाला बघायला आली होती, यात शंकाच नाही. ती रंगमंचावर आली तेव्हा टाळ्या, तो पुलावर दिसला तेव्हा तर छप्पर उडायची वेळ. काळोखात, चेनच्या आत, मास्तरांच्या हातात साडूचा पट्टा होता.

"घाबरलास का?" ते कुजबुजले.

"गप रे. तूच थरथरतोयस."

पुलापाशी गाढव अडलं. पहारेकऱ्याने भुवया उडवल्या. गाढवाने मान वळवून त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने उजवी भुवई चढवली. गाढवाने उजवा कान. लोक हसायचे थांबेचनात. त्याने ढकललं, ओढलं, लोटांगण घातलं. मागचे पाय ढिम्म. मग सिनेनटी गाता गाता थांबली आणि मानेवर टेकली. या वेळी तिच्या गालाखाली केसाळ मान होती, दुसरं काही नाही. ती तशीच राहिली, तालमीत राहायची त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. वाद्यवृंदाने वाट पाहिली. साडूचा श्वास अडकलेला मास्तरांना मुठीत जाणवला. मग पाठ अलगद सैल पडली.

मास्तरांनी पाऊल टाकलं.

आतून त्यांना फक्त ऐकू आलं. आधी शांतता, मग कुठेतरी नाक ओढल्याचा आवाज, मग असा कडकडाट की पुलाच्या फळ्या हादरल्या. पुढच्या रांगेतून एक चिमुरडी ओरडली, "त्याला पाणी द्या ना कोणीतरी!"

शेवटी सगळे अभिवादनाला आले. भुवयाने गाढवाला दोरीने पुढे आणलं आणि लोकांना खूण केली, थांबा, आतली माणसं दाखवतो. त्याने चेनला हात घातला. चेन हलेना. आतून मास्तरांनी ती मुठीत आवळून धरली होती.

"उघडू दे की रे!" चष्मेवाले फुसफुसले.

"थांब जरा. ती पोरगी बघतेय."

मग मागचे पाय गुडघ्यात वाकले, पाठोपाठ पुढचे, आणि गाढवाने ऐटीत नमस्कार केला. लोक उभे राहिले.

रंगपटात भुवया वैतागून म्हणाला, "अहो, तुमचे चेहरे दिसले असते लोकांना!"

"साहेब, टाळ्या गाढवाला चालल्या होत्या," मास्तर घाम पुसत म्हणाले. "मध्येच आम्ही दोन टकले बाहेर आलो असतो तर सगळ्यांचा रसभंग झाला असता."

तेवढ्यात घरून फोन आला. फोनवर दोघी बहिणी एकदमच बोलत होत्या. तिथेही हाउसफुल्ल होतं. गाण्याच्या बाई अशा गायल्या की लोकांनी पुलाचं गाणं दोनदा घ्यायला लावलं. शेजारच्या शहरातून बोलावणं आलं होतं, बाईंसकट आणि गाढवासकट.

"मग आम्ही परत आल्यावर आमचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही सावकाश या," बायको म्हणाली. "इथली जागा भरलीय."