बालगटातली शेळी

जालना जिल्ह्यात त्या काळी माझ्या मामेसासऱ्यांइतका रागावलेला माणूस दुसरा नव्हता, आणि तसा कुणी तुमच्या पाहण्यात आला असेल तर तो नक्कीच नुकताच मामांना भेटून निघालेला असणार. सकाळी चूल पेटायच्या आधी मामा पेटत. अंबडची एसटी उशिरा आली की ते रागावत आणि वेळेवर आली की, आज हिला काय झालं, म्हणून रागावत. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. चहा मात्र बिनसाखरेचा घेत. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. एकदा हॉटेलवाल्याने न विचारता दोन चमचे जास्त टाकले होते, तो राग त्यांनी असा जन्मभर चालवला. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी ते डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर आपटत आणि पुन्हा घालत. टोपी निघाली की अंकुशनगरच्या चौकातले जाणते लोक सायकली उचलून चालू लागत. मामी एवढंच म्हणत, "बोलू द्या. बोलले न्हाई तर ह्यांना अन्न पचत न्हाई." मात्र मामा स्वतःसाठी क्वचितच रागावत. रेशनच्या रांगेत म्हातारीला कुणी मागे ढकललं, मजुराला कुणी अरे-तुरे केलं, की टोपी निघे. त्यातही काम एकाने करायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं, हा प्रकार त्यांना अजिबात खपत नसे. तसं काही दिसलं की त्यांचे कान लाल होत आणि आवाज उसाच्या फडापलीकडे जाई.

निवृत्तीनंतर मामांनी शेळ्या पाळल्या. वस्तीमागच्या गोठ्यात पाच-सहा काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या असत आणि त्यांची नावं तलाठी, सर्कल, इंजिनियर आणि सभापती अशी होती. नावं ठेवण्यामागे विचार होता. "खऱ्यांना बोललं की नोटीस येती, जावईबापू. ह्यांना बोललं तर नुसत्या लेंड्या येतात," असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. त्यामुळे पहाटे वस्तीवर मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला अंथरुणातच ऐकू येई, "सभापती, खाली उतर! भिंतीवर काय करून राह्यली? आणि तलाठ्या, दुसऱ्याच्या पाटीत तोंड घालायची सवय सोड!" यातली सभापती ही देखणी पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी होती. लांब कान, सरळ पाठ, भरलेली छाती आणि चालण्यात अशी ऐट की ती चरायला निघाली तरी उद्घाटनाला निघाल्यासारखी वाटे.

तालुक्याच्या बाजारतळावर दर हिवाळ्यात जनावरांचं प्रदर्शन भरे. त्यात नव्वदीच्या दशकात एक बालगट सुरू झाला. नववीपर्यंतच्या मुलामुलींनी स्वतः सांभाळलेली शेळी रिंगणात फिरवून दाखवायची, असा त्याचा नियम होता. 'स्वतः सांभाळलेली' हे शब्द पत्रकात ठळक छापलेले होते. पहिल्या वर्षी मामांनी नातीला, पल्लवीला, ते बघायला नेलं. मीही बरोबर होतो. जालन्याचे एक बियाण्यांचे व्यापारी मुलाला घेऊन आले होते. त्यांची शेळी जीपमधून उतरली आणि तिच्यामागून तिचा खुराक, तिचा ब्रश आणि तिला सांभाळणारा गडी उतरला. शेळी प्रदर्शनाच्या तोंडावर दुसऱ्या जिल्ह्यातून तयार स्थितीत विकत आणलेली होती, हे गडीच कौतुकाने सगळ्यांना सांगत होता. मुलगा नाकाला रुमाल लावून उभा होता. त्याला शेळीची भीती वाटत होती आणि शेळीला त्याची. एका शिक्षकांच्या घरचं अंदाजपत्रक मध्यम होतं. त्यांनी शेळीला टॉनिक पाजलं होतं आणि अंगावरचे पांढरे ठिपके केसांच्या कलपाने काळे केले होते. परीक्षकांनी पाठीवरून हात फिरवला, त्यांचा तळवा काळा झाला, त्यांनी तो रुमालाला पुसला आणि गुण लिहिले. रांगेच्या टोकाला अंबडच्या एका शिंप्याची मुलगी शबाना होती. तिची शेळी शिलाई मशीनखाली वाढली होती. तिच्या अंगावर ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांची झूल होती आणि त्या झुलीचा एक कोपरा शेळीने स्वतःच खाल्लेला होता.

पहिलं बक्षीस जीपमधल्या शेळीला मिळालं. टोपी निघाली.

"ह्या पोराला इचारा, शेळी काय खाती!" मामा मंडपात शिरून म्हणाले.

संयोजक समजुतीने बोलू लागले, "मामा, इथं बक्षीस शेळीला आहे. पोराची परीक्षा नाही."

"मंग बालगट कशाला म्हणता? शेळीगट म्हणा! न्हाई तर गडीगट म्हणा, त्या गड्याच्या गळ्यात हार घाला. काम त्यानं केलं ना?"

दोन स्वयंसेवकांनी मामांना दंडाला धरून बाहेर आणलं. त्यांचं बोलणं चालूच होतं, फक्त जागा बदलली. शबानाची आई झूल घडी घालत म्हणाली, "चाचा, गुस्सा थूक देव. बोलके क्या फायदा? अगले साल अपनी छोरी कू लाव. हमारे साथ खडे रहने कू कोई तो होना."

मामांनी ते लगेच मनावर घेतलं. पल्लवी तर आधीच तयार होती. पुढच्या वर्षी ती नववीत असणार, म्हणजे बालगटातलं तिचं ते पहिलं आणि शेवटचं वर्ष. तिला सभापती हवी होती. बक्षिसापेक्षाही तिला त्या रिंगणात स्वतः वाढवलेली शेळी घेऊन चालायचं होतं. शबाना चालली होती तशी, दावं सैल सोडून. पल्लवीचे वडील जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये होते, मोटरसायकलवर ये-जा करत. त्यांनी चांगल्या खुराकाचं पोतं आणायची तयारी दाखवली, तर मामांनी त्यांनाच झापलं. "एक रुपया खर्चा न्हाई करायचा. पैशानं शेळी होत न्हाई, मेहनतीनं होती. दाखवतो त्यांना."

मेहनत झाली, यात शंका नाही. मामा पहाटे उठून शेवरीचा कोवळा पाला आणत, बाभळीच्या शेंगा झोडून बंडीच्या खिशात भरत, मक्याचा भरडा भिजवत, सभापतीचे खूर तासत. मी त्या वर्षात अनेकदा वस्तीवर गेलो आणि प्रत्येक वेळी एकच देखावा पाहिला. पल्लवी पाल्याची पेंडी घेऊन पुढे होई.

"आबा, मी घालते."

"अशी धरत्यात का पेंडी? बोट तोडंल ती. दे इकडं."

"मंग मी धुते तिला."

"पाणी गार हाय, सर्दी व्हईल तिला. सरक. तू अभ्यास कर, नववी हाय."

"आबा, रिंगणात मला फिरवायचीय ना? मंग जरा चालवू तरी द्या."

"चालवशील की. टाइम आल्यावर चालवशील. आत्ता ती बिथरंल."

एकदा मला सोडायला रस्त्यापर्यंत आली तेव्हा पल्लवी म्हणाली, "काका, नाव माझं दिलंय. सभापतीला ठाऊकच न्हाई मी कोण ते." ती रडत नव्हती, रागावली होती. तो राग घराण्यातलाच होता, फक्त तिच्याकडे टोपी नव्हती. मी मामांना तिचं म्हणणं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "जावईबापू, तिच्यासाठीच चाललंय ना हे सगळं?" आणि पाला चिरू लागले.

प्रदर्शनाच्या दिवशी मंडळी तीच होती. जीप आली, गडी उतरला. शेळी यंदा नवी होती, कारण जुनीचं काम झालं होतं. मुलाच्या नाकाला रुमाल होता. शबानाच्या शेळीची झूल यंदा मखमलीची होती, कुणाच्या तरी लग्नातल्या कापडाची. पल्लवी नव्या पंजाबी ड्रेसमध्ये, दाव्याला घट्ट धरून उभी होती. परीक्षकांनी दात पाहिले, छाती मापली, मुलं एकदा फिरवली. सभापती सारखी मान वळवून कुंपणाकडे बघत होती. मामांना ते दिसलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष जीपवाल्यांकडे होतं. परीक्षक वही मिटू लागले तेव्हा मामा कुंपणाच्या दोराखालून आत घुसले. टोपी हातात होती.

"साहेब, दावी सोडा!"

"म्हणजे?"

"सगळ्यांची दावी सोडा आणि लेकरांना पलीकडं उभं करा. ज्यानं सांभाळली त्याच्याकडं शेळी जाईल. बिलकुल जाईल. तुमच्या कागदावर 'स्वतः सांभाळलेली' लिवलंय का न्हाई?"

संयोजक धावले. "मामा, मागच्या वर्षीचं तुम्हाला..."

पण सकाळपासून जनावरांचे दात बघून कंटाळलेल्या लोकांना हे फार आवडलं. "सोडा, सोडा! होऊन जाऊ द्या!" असा गिल्ला झाला. शबानाची आई मागून म्हणाली, "जल्दी छोडो साब, दूध का दूध अब्बी होता." परीक्षकांनी मान डोलावली. मुलं रिंगणाच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि दावी सुटली.

जीपमधली शेळी दोन पावलं चालली, आजूबाजूला पाहिलं आणि थेट तिच्या गड्याजवळ जाऊन उभी राहिली. लोक हसून लोटपोट झाले. गडी बिचारा मालकाच्या धाकाने तिला ढकलू लागला आणि ती आणखी चिकटू लागली. "बघा! बघा साहेब!" मामा ओरडत होते. शिक्षकांची शेळी मंडपाच्या झालरीकडे गेली. शबानाची शेळी सरळ शबानाकडे गेली आणि तिची ओढणी चावू लागली. टाळ्या पडल्या. पल्लवी वाकून, हात पुढे करून, "सभापती, ये, ये ना," म्हणत होती. सभापती निघाली. त्याच ऐटीत, मान ताठ ठेवून, ती पल्लवीच्या दिशेने गेली, तिच्या हाताजवळ आली, हात हुंगला आणि पुढे गेली. सबंध रिंगण पार करून ती मामांजवळ आली आणि तिने त्यांच्या बंडीच्या खिशात तोंड घातलं.

लोक पुन्हा हसले. मघाच्याइतकेच. त्यांना गडी आणि मामा यांच्यात काही फरक दिसला नाही, आणि खरं तर नव्हताही.

पल्लवीचा हात अजून तसाच पुढे होता. तिने तो खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबा, ती तुमचीच हाय. माझं नाव खोडायला सांगा."

निकाल व्हायचा तोच झाला. दावी सोडणं नियमात बसत नाही, असं संयोजकांनी माइकवरून सांगितलं आणि पहिलं बक्षीस जीपमधल्या शेळीला गेलं. शबानाला उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा मिळाला. जिची शेळी भर बाजारात सरळ तिच्याकडे गेली त्या मुलीला डबा, आणि ज्याला शेळीचं तोंडही ओळखीचं नव्हतं त्याला ढाल. मला आजही हे लिहिताना संताप येतो. मंडपातल्या सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. स्वयंसेवक तर दंड धरायला पुढेही सरकले. मामांनी टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी नीट बसवली आणि परत काढली नाही. सभापतीचं दावं त्यांनी पल्लवीकडे धरलं. तिने ते घेतलं नाही. शेवटी शबानाच्या आईने ते घेऊन पल्लवीच्या हातात दिलं. "रूसते क्या जनावर पे? उसकू जो खिलाया, उसके पीछे गई. आज से तू खिला."

परतताना टेम्पोवाल्याने शेळीचं वेगळं भाडं मागितलं. मामांनी ते मुकाट्याने दिलं. घरी आल्यावर मामींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय झालं ह्यांना? बरं न्हाई का?"

दुसऱ्या दिवसापासून गोठा पल्लवीचा झाला. मामा बाजेवर बसून पाहत. पल्लवी पेंडी उलटी धरी, भरड्यात पाणी जास्त घाली, खूर तासताना जीभ बाहेर काढी. मामांचे कान लाल होत, ओठ हलत आणि मग ते दोन्ही हात मांड्यांखाली घालून हातांवरच बसून राहत. मी विचारलं तर म्हणाले, "मोकळे सोडले की पळत्यात तिकडं." तोंडावर मात्र त्यांचा ताबा नव्हता. पेंडी फारच उलटी झाली की ते मोठ्याने तलाठ्याला शिव्या देत.

बालगटाचं वय संपलं होतं, त्यामुळे पल्लवीने सांभाळलेली सभापती रिंगणात कधी गेली नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मी वस्तीवर गेलो तेव्हा संध्याकाळी पल्लवी शेळ्या घेऊन बांधावर निघाली होती. दावं तिने गळ्यात उपरण्यासारखं टाकलं होतं आणि सभापती मोकळी तिच्या टाचेशी चालत होती. मामा आणि मी रस्त्याच्या कडेला उभे होतो. मामांनी सवयीने हाक मारली, "सभापती!" शेळीने एक कान हलवला आणि ती तशीच पुढे गेली.

"वळून बी बघितलं न्हाई," मामा म्हणाले. मग म्हणाले, "बराबर हाय."

मागून एमआयडीसीकडे जाणारा टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत अगदी आमच्या अंगाला खेटून गेला. एरवी त्या हॉर्नवर मामांनी पाव तास काढला असता. त्या दिवशी तो त्यांना ऐकूच आला नाही. धूळ बसेपर्यंत ते बांधाकडे पाहत उभे होते.