बिनरेघेचं हँडल

रविवारी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी रतन ओव्हाळ चौथ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा भरत होता. विश्रांतवाडीत आळंदी रस्त्याला लागून त्याचं दुकान आहे. दहा फुटी शटर, आत फळ्यांवर टायर, आणि दाराच्या चौकटीला एक लोखंडी हूक. हुकाला डिजिटल काटा टांगलेला असतो, प्रवासाच्या बॅगा तोलायला वापरतात तसा. बाहेर दिव्याखाली सहा माउंटन बाइक उभ्या होत्या. त्यांचे मालक त्यांना बाइक म्हणतात, रतन सायकल म्हणतो.

"काका, फोटो बघा. काल टाकला, दोनशे बारा लाइक," तेजस म्हणाला. वय एकतीस, नोकरी आयटीत.

"लाइक सायकलला आहेत," विक्रम म्हणाला. तो बँकेत अधिकारी आहे आणि तेजसपेक्षा बारा वर्षांनी मोठा. "चालवणाऱ्याची चौकशी कोणी केलेली नाही."

"विक्रमदादा, तुमची किती भरली? अकरा किलो तीनशे ना?"

"अकरा दोनशे साठ. पेडलसकट."

"पेडलसकट आता कोण मोजतं?"

मागच्या दारातून शालन चहाचा थर्मास घेऊन आली. दुकानामागच्या दोन खोल्यांत ओव्हाळ राहतात. "दोन-दोनशे ग्रॅमसाठी एवढे हाल करण्यापेक्षा मिसळीबरोबर एक पाव कमी घ्या," ती म्हणाली.

"काकू, पाव वजनात धरत नाहीत."

"दिसतंय ते."

पाच चाळीसला सगळे निघाले. शनिवार पेठेत चहा, मग स्वारगेटवरून कात्रज, जुन्या घाटाने वर, आणि वरून डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली. गेली दोन वर्षं रविवार असाच जातो. तेजसच्या सायकलवर नवं कार्बनचं हँडल होतं, काळं, न चकाकणारं. सगळ्यांत पुढे तोच होता.

वजनाची रीत या मंडळींनीच पाडली. शनिवारी संध्याकाळी जो तो आपला नवा भाग घेऊन येतो: हलकी सीट, हलके ब्रेक, हलके बोल्ट. रतन भाग बसवतो, सायकल हुकाला लावतो, काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचतो आणि शटरच्या आतल्या बाजूला खडूने नावापुढे लिहितो. फोटो निघतात. शनिवारी तेजसच्या नावापुढे १०.९४० हा आकडा लागला. अकराच्या खाली जाणारी ती पहिली सायकल.

सहा वाजून पाच मिनिटांनी रतन झाडू ठेवून हत्यारं जागेवर लावू लागला. खिळ्याला एक प्लास्टिकचं पाकीट लटकत होतं. आत करंगळीच्या पेराएवढा स्टार बिट, पान्याच्या टोकाला बसवायचा लोखंडी तुकडा, ताऱ्याच्या आकाराचा. तेजसच्या नव्या टायटॅनियम बोल्टना तसंच भोक होतं, जुनं टोक त्यात बसत नव्हतं, म्हणून रतनने तो मुद्दाम मागवला होता. शनिवारी दुपारी तो आला.

पाकीट फाडलेलं नव्हतं.

रतनने ते उलटसुलट करून पाहिलं. वरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. तो बाकावर बसला.

हँडल पुढच्या पट्टीखाली चार बारीक बोल्टनी आवळलेलं असतं. कार्बन जास्त आवळलं तर तडकतं, कमी आवळलं तर फिरतं. म्हणून टॉर्क पाना लागतो. ठरवलेला जोर आला की तो कट्ट असा आवाज करतो. चार बोल्ट, चार कट्ट. त्यानंतर रतन प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढतो. रेघ सलग असेल तर बोल्ट हललेला नाही. रेघच नसेल तर काम झालेलं नाही. हा नियम चोवीस वर्षांचा आहे. त्याच्या वडिलांच्या काळात इथे तासाच्या भाड्याने सायकली मिळत. त्यांतल्या एकीचं हँडल होळकर पुलाच्या उतारावर फिरलं आणि रंगनाथ नावाचा गिऱ्हाईक तोंडावर पडला. ते हँडल रतनने आवळायचं होतं. रंगनाथ अजून रोज दुकानावरून जातो, "काय रतन" म्हणतो. त्याचे पुढचे दोन दात तेव्हापासून नाहीत.

तेजसच्या सायकलला रेघ नव्हती. पण त्यावरून काही कळत नव्हतं, कारण तेजसनेच सांगितलं होतं, "काका, पिवळा रंग नको. फोटोत बोल्ट दिसले पाहिजेत."

रतनने शनिवार पुन्हा पहिल्यापासून आठवला. हँडल ठेवलं. बोल्टसोबत आलेल्या बोटभर चावीने चारही बोल्ट हाताने टेकवले, नुसते टेकवले, कारण विक्रम म्हणाला होता, "आधी वजन बघू, मग काय ते आवळा. अकराच्या वर गेली तर तो जुनं हँडल परत मागेल." सायकल हुकाला लावली. आकडा वाचला. ओरडा झाला, कोणीतरी तेजसलाच उचलून हुकाखाली धरलं. फोटो. मग तेजसने सायकल काढली, खांद्यावर घेऊन रस्त्यात दोन फेऱ्या मारल्या, आणि रतन पुढच्या गिऱ्हाइकाच्या ब्रेककडे वळला. कट्ट त्याला आठवत होते. ते त्या दुसऱ्या सायकलचे होते.

बसवणं, आवळणं, रेघ, ताब्यात देणं. चोवीस वर्षं हाच क्रम होता. आता मध्ये वजन आलं होतं.

त्याने तेजसला फोन लावला. बंद. छातीवरच्या कॅमेऱ्याने चित्रण करताना मध्ये फोन येऊ नये म्हणून तेजस तो बंदच ठेवतो. विक्रमचा वाजत राहिला. बाकी चौघांचे नंबर त्याच्याकडे नव्हते. त्यांच्या ग्रुपमध्ये तो नाही, फोटो त्याला दाखवले जातात. विक्रमला त्याने पुन्हा लावला. सात वेळा.

शालन विहारात वंदनेला जायच्या तयारीत होती. पांढरी साडी नेसून ती दारात आली. "अहो, कोणाला एवढे फोन?"

रतनने पाकीट तिच्यापुढे धरलं. ती चोवीस वर्षांपूर्वीही याच घरात होती, जास्त सांगावं लागलं नाही.

"पडेल का?"

"सपाट रस्त्यावर चालेल. अंगाचा भार हँडलवर येत नाही. उतरताना सगळा भार पुढे येतो. आणि ती वाट दगडांची आहे."

"मग बसलात काय?"

रतन लगेच उठला नाही. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. कदाचित बोटभर चावीनेही पुरेसं आवळलं गेलं असेल, असं त्याला वाटलं. सहा गिऱ्हाइकांसमोर जाऊन, मी तुझं हँडल आवळायला विसरलो, असं म्हणायचं. त्यातला एकेक जण दहा जणांना सांगणारा. हा विचार साधारण अर्धा मिनिट टिकला. तेवढ्यात शालनने स्कूटरची चावी आणून त्याच्या हातात ठेवली.

सहा अठ्ठावीसला तो निघाला. टॉर्क पाना सीटखाली, बिट वरच्या खिशात, आणि सवयीने पिवळ्या रंगाचं पेनही.

शनिवार पेठेतल्या चहावाल्याने मान वर केली नाही.

"सायकलवाले इथे थांबले होते का?"

"थांबले होते."

"किती वेळ झाला?"

"मी चहा विकतो, वेळ नाही." मग रतनच्या चेहऱ्याकडे बघून त्याने किटली खाली ठेवली. "वीस मिनिटं. काळ्या सायकलवाला पुढे होता."

पुढे होता, म्हणजे इथपर्यंत तो सायकलवर होता. रतनला तेवढं पुरलं. पण स्वारगेट मागे टाकल्यावर पुरेना. त्याने डोक्यात चार बोल्ट फिरवून पाहिले. टेकवल्यानंतर किती फेरे राहिले असतील? एक? दीड? प्रत्येक खड्ड्याला बोल्ट थोडा सैल होतो. स्वारगेट ते कात्रज किती खड्डे? तो मोजायला लागला आणि पस्तीसनंतर त्याने सोडून दिलं. पद्मावतीपाशी रस्त्याच्या कडेला पाच-सहा माणसं वाकून खाली काहीतरी बघत होती. रतनने स्कूटर स्टँडला न लावता भिंतीला टेकवली आणि त्यांच्यात घुसला. गटाराचं झाकण उघडं होतं. माणसं त्यात बघत होती.

"काय शोधताय, काका?" एकाने विचारलं.

"काही नाही," रतन म्हणाला. परत येऊन स्कूटर चालू करायला त्याला दोन प्रयत्न लागले.

कात्रजच्या डेअरीपुढे दुधाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. चार मिनिटं गेली. विक्रमचा फोन अजून वाजतच होता.

जुन्या घाटाच्या माथ्यावर, बोगद्याच्या अलीकडे कच्ची वाट सुरू होते. सात एकवीसला रतन तिथे पोहोचला. पाच सायकली आडव्या पडल्या होत्या आणि पाच जण वाटेच्या दोन्ही बाजूंना ओळीने उभे होते. मध्ये तेजस, हेल्मेट चढवून, पुढचं चाक उताराच्या तोंडावर. छातीवरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता. विक्रम बोटांवर मोजत होता. तीन. दोन.

रतनने हाक मारली नाही. हाकेने माणूस दचकतो आणि दचकल्यावर ब्रेक सोडतो, असं त्याला वाटलं. तो स्कूटर तशीच कच्च्या वाटेवर घेऊन गेला आणि तेजसच्या चाकापुढे आडवी लावली.

"काका," तेजस म्हणाला, "कॅमेरा चालू आहे."

"असू दे. उतर."

"हवेचे पैसे राहिले का?" मागून कोणीतरी म्हणालं. दोघं हसले.

तेजस उतरला. रतनने पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं, हँडलच्या दोन्ही टोकांवर तळवे ठेवले आणि अंगाचा भार खाली टाकला. हँडल फिरलं. आवाज न करता, तीन बोटं खाली. ब्रेकचे दांडे जमिनीकडे बघू लागले.

कोणी हसलं नाही.

"काल आवळायचं राहिलं," रतन म्हणाला. "माझ्याकडून राहिलं."

तेजस वाटेकडे बघत होता. पहिला टप्पा तिथून दिसतो. दहा-बारा फूट सरळ उतार, मग डावीकडे वळण, आणि वळणावर उघडे खडक. "येताना कुरकुरत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, नवीन आहे म्हणून."

रतनने पाकीट दाताने फाडलं. पहिला बोल्ट सव्वा फेरा फिरला, मग कट्ट. दुसरा दीड. तिसरा सव्वा. चौथा जवळजवळ दोन. नंतर तो उकिडवा बसून राहिला, पिवळं पेन हातात घेऊन. झाकण काढलं नव्हतं.

"लावा," तेजस म्हणाला. त्याने कॅमेरा बंद केला.

विक्रमने आपली सायकल उचलून आणली आणि रतनपुढे उभी केली. तिलाही रेघ नव्हती. त्याने तीन महिन्यांपूर्वी नको म्हटलं होतं, तेही फोटोसाठीच. रतनने पाना लावला. पहिल्याच ओढीला कट्ट. चारही नीट होते. विक्रमने श्वास सोडला. रतनने नाही.

"अजून कोणाकोणाला रेघ नाही?" रतनने विचारलं. तो प्रश्न त्यांना होता की स्वतःला, हे विक्रमला कळलं नाही. त्याने नावं घ्यायला सुरुवात केली. माथ्यावरच्या सहांपैकी तेजस आणि विक्रम धरून तिघं, बाहेरचे, त्या दिवशी न आलेले चौघं. माथ्यावरच्या तिसऱ्याचे बोल्ट रतनने तिथेच पान्याने तपासले, तेही नीट होते. बाहेरच्या तिघांना विक्रमने तिथूनच फोन केले. ते घरी होते, सायकली घरात होत्या. सायकलला हात लावू नका, असं त्याने सांगितलं आणि कारण सांगितलं नाही. चौथी नम्रता. तिचं हँडल पंधरा दिवसांपूर्वी बसवलं होतं, हुकाला लावून, फोटो काढून. तिचा फोन लागत नव्हता.

"ती कात्रजलाच राहते," विक्रम म्हणाला. "खाली उतरलात की डावीकडची तिसरी इमारत."

त्या दिवशी कच्च्या वाटेने कोणी गेलं नाही. सहाही जण डांबरी रस्त्याने, हळू, एकामागे एक उतरले.

नम्रताच्या इमारतीच्या फाटकावर अनंत नावाचा पहारेकरी होता. "मॅडम कालपासून बाहेरगावी," तो म्हणाला. "सायकल गाडीच्या मागे बांधून नेली."

"कुठे?"

"डोंगरात कुठेतरी. आम्हाला कोण सांगतं?"

"येणार कधी?"

"आज. अंधार पडेपर्यंत." अनंतने रतनकडे नीट पाहिलं. "काय घेऊन गेल्यात का तुमचं?"

"नाही," रतन म्हणाला. त्याने एका कागदावर लिहिलं: सायकल चालवू नका, फोन करा, रतन सायकलवाला. कागद अनंतने वहीत ठेवला. रतनने विचारलं, मॅडम कामाला सायकलवर जातात का. अनंतने उत्तराऐवजी वहीच उघडून पुढे केली. सोमवार ते शुक्रवार, प्रत्येक पानावर नम्रता सायकलवर निघाल्याची नोंद, दोन-चार मिनिटांच्या फरकाने.

दुपारी बारा वाजता दुकानाच्या शटरवर रतनच्या अक्षरातला कागद लागला. शालनने आधी तो वाचला आणि एक ओळ वाढवायला लावली.

"ज्यांच्या सायकलला पिवळी रेघ नाही त्यांनीच यावे. वजन होणार नाही. फोटो घरी काढावेत."

संध्याकाळी सहापर्यंत रतनने विक्रमकडून घेतलेल्या नंबरवर नम्रताला चौदा फोन केले. निरोपापुढे एकच टिक होती.

सोमवारी दुकानाला सुट्टी असते. उद्या ते उघडणार आहे, पण नऊच्या आधी नाही. साडेसहाला रतन कात्रजला त्या फाटकाशी उभा असेल, पाना आणि बिट घेऊन. अनंतच्या वहीप्रमाणे नम्रता रोज सकाळी सहा पन्नासला सायकल घेऊन निघते.