पडलेल्याला पाणी

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेटेगावच्या माळावर, आम्ही दर वर्षी भरवतो त्या मोटारसायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, टँकरने पाणी मारून घेत होतो. तसाच पालघरला त्यांच्या घरी गेलो, पोटभर रडलो, आणि परतताना मनात भलताच प्रश्न आला... आता शर्यतीत आमच्या माणसांना आवरणार कोण?

ताई भूल देणाऱ्या डॉक्टर, माझ्या बायकोची मैत्रीण. मोटारसायकलींचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं; लग्नातल्या बँडशेजारी बसल्यासारख्या कानांवर हात ठेवून त्या शर्यत बघत. शर्यतीला डॉक्टर हवा म्हणून मी गळ घातली, तेव्हा आल्या, आणि आल्या आल्या अ‍ॅम्ब्युलन्स फिरवून तिचं तोंड रस्त्याकडे करायला लावलं. तिच्या पुढ्यात लावलेली माझीच गाडी हटवली. मग इस्पितळात फोन करून सांगितलं, आज इथे शर्यत आहे, ऑपरेशनची तयारी ठेवा. मी हसलो, तर म्हणाल्या, हसून घे, दुपारपर्यंत वेळ आहे.

दुपारी एक जण उडून पडला. आमच्याकडे पडलेल्याला आधी पाणी. सातपाटीहून आलेले काय, बोईसरचे कामगार काय, सगळे बाटल्या घेऊन ट्रॅकभोवतीची दोरी ओलांडून धावले. एकाने हेल्मेट ओढायला घेतलं. "पाणी पाजू नका. मानेला हात लावू नका." ताईंच्या त्या आवाजापुढे आमचा लाउडस्पीकर फिका पडला. नंतर चिडलेल्या मंडळींना त्यांनी शांतपणे समजावलं, की ऑपरेशनला भूल दिली की पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात शिरतं, आणि पडून वाचलेला माणूस आपल्या मायेने जातो. पुढे दर वर्षी शर्यतीआधी हे भाषण ठरलेलंच. लोक त्यांची नक्कल करत, मागून 'डॉक्टरीण' म्हणत, आणि त्यांच्यासाठी आठवणीने सुकट आणत.

एकदा अ‍ॅम्ब्युलन्स जखमीला घेऊन गेली, तर त्यांनी अंतिम फेरीच अडवली. तुम्ही आहात ना इथे, मी म्हणालो. "मी आहे रे, पण पडलेल्याला नेशील कशात? माझ्या खांद्यावर?" अंधार पडला, फेरी रद्द झाली, लोक वाटेल ते बोलले. ताई डब्यातला चिवडा खात बसल्या होत्या. फार आठवतात त्या तशा.

यंदाची शर्यत त्यांच्यावाचून पहिलीच. नवा डॉक्टर हुशार आहे, तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वळणावर सातपाटीचा एक पोरगा पडला, निपचित. गर्दी उठली... आणि दोरीपाशी थांबली. त्याची आई माझ्या शेजारीच होती, हातात पाण्याची बाटली. कुणीतरी तिला म्हणालं, जा, पाज त्याला. तिने दोरी ओलांडली नाही.

"नाय," ती म्हणाली, "डॉक्टरीण वरडंल."

पोरगा वाचला. ताई गेल्याचं त्या माउलीला ठाऊकच नव्हतं. मीही सांगितलं नाही.